टोपलीखालचं पीठ

१

भंडारा जिल्ह्यात डायनासोरचं हाड सापडणार नाही. कितीही खणलं तरी नाही. हे मी केशवरावांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलंही होतं. पण केशवरावांचं ऐकणं म्हणजे त्यांच्या राइस मिलमध्ये पट्टा फिरत असताना कुणी काही बोलावं तसं. मान हलते, आत काही जात नाही.

आमच्याकडचे खडक फार जुने आहेत. ते घडले तेव्हा इथे समुद्र होता, आणि त्या समुद्रात डोळ्यांना दिसेल असं काहीही जगत नव्हतं. त्यानंतरचे थर इथे साचलेच नाहीत, किंवा साचून वाहून गेले. ज्याला हाडं हवीत त्याने चंद्रपूरकडे जावं. तरी लोक माझ्याकडे दगड घेऊन येतात. गोल असेल तर अंडं, लांबट असेल तर मांडीचं हाड. लाखांदूरहून एक गृहस्थ एसटीने मांडीवर दगड धरून आले आणि हे काळीज कुणाचं असेल म्हणून विचारू लागले. मी सांगतो की हा दगड आहे. माणसं नाराज होऊन जातात. त्यांच्या अज्ञानाचं मला काही वाटत नाही. हौसेचा मात्र कंटाळा येतो.

केशवरावांच्या संस्थेने भंडाऱ्यात मुलांसाठी एक विज्ञान दालन बांधलं. त्याच्या लांब भिंतीवर पृथ्वीचा सगळा काळ एका पट्टीत मांडायचं काम माझ्याकडे आलं, कारण अशा विषयांवर मराठीत पुस्तकं लिहिणारा त्यांना आसपास दुसरा मिळाला नाही. डावीकडे तापलेला गोळा, मग समुद्र, मग एकमेकांना चिकटणारी आणि फुटणारी खंडं, प्रत्येक खंडावर त्या काळचे जीव, आणि अगदी उजव्या टोकाला आज. मी नदीपलीकडे कारध्याला, घरी टेबलावर कच्चे नकाशे काढायचो आणि वैनगंगेचा पूल ओलांडून दाखवायला न्यायचो. केशवरावांच्या मागण्या दोनच. जनावरं मोठी पाहिजेत, आणि प्रत्येक नकाशावर भंडारा लाल ठिपक्याने दिसला पाहिजे.

मी म्हटलं, तेव्हा भंडारा नव्हता.

"जागा तं होती ना, सर?" ते म्हणाले. "का जागाबी नव्हती?"

मूर्ख माणसाच्या तोंडून बरोबर प्रश्न आला की फार त्रास होतो. मी ठिपके काढले.

सरिताला याची गंमत वाटायची. ती सकाळी न्हाणीघरातून निघाली की पाय न पुसता सरळ माझ्या टेबलापर्यंत यायची. फरशीवर तिची ओली पावलं उमटायची. तिच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, जन्मापासून; त्यामुळे त्या पावलाची बाहेरची कड दुमडल्यासारखी दिसे. मी रोज म्हणायचो, पाय पुस. ती मागे उभी राहून नकाशात वाकायची आणि विचारायची, "आज आपण कुठं आहो?"

मी लाल ठिपक्यावर बोट ठेवायचो. म्हणायचो, आज दक्षिण ध्रुवाजवळ.

"मंग स्वेटर घाला," ती म्हणायची.

२

सरिता डिसेंबरात गेली. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर. आजाराविषयी मी काही लिहीत नाही. भेटायला आलेल्यांनी तो पुरेसा गावभर केला आहे.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी आनंदाबाईंनी मागची खोली ताब्यात घेतली. आनंदाबाई म्हणजे सरिताची मोठी बहीण. आमच्याच गल्लीत राहतात, आणि कुणाच्याही घरचं मरण त्यांच्या देखरेखीशिवाय पार पडत नाही. त्यांनी पलंग हलवला, फरशी पुसून घेतली, तांदळाचं पीठ चाळून जाडसर पसरलं, शेजारी दिवा ठेवला आणि पिठावर बांबूची मोठी टोपली उपडी घातली. रात्रभर त्या खोलीत कुणी जायचं नाही. सकाळी टोपली उचलायची. पिठावर ज्याचं पाऊल दिसेल त्याच्या जन्माला मेलेल्याचा जीव गेला. गाय, पाखरू, मुंगी. नशीब थोर असेल तर पुन्हा माणूस.

माझी मुलगी हर्षा नागपूरहून आली होती. मी तोंड उघडायच्या आत ती हळूच म्हणाली की मावशीला करू द्या, तुमचं काय जातं.

पावलांवर मी एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. चिखलात उमटून दगड झालेली पावलं. नुसत्या ठशावरून जनावराचं वजन सांगता येतं, चाल सांगता येते, ते लंगडत होतं का, घाईत होतं का, हेही सांगता येतं. आणि माझ्याच घरात सकाळी सहा-सात बायका कोंडाळं करून पीठ वाचायला बसल्या. मी दारात हाताची घडी घालून उभा राहिलो. मला हसू येत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं तरी चालेल असंही वाटत होतं.

आनंदाबाईंनी टोपली उचलली. पाऊल नव्हतं. रेघा होत्या.

एकीपुढे एक, समांतर, बोटभर अंतराने, जराशा वळलेल्या. एक बाई म्हणाली साप. दुसरी म्हणाली, सापाच्या इतक्या कशा असतील. थोडा वाद झाला. मग आनंदाबाईंनी निकाल दिला. "पान्यात गेली बाई माही. मासोळी झाली." आणि पदर तोंडाला लावून त्या रडल्या. बायका जरा खट्टू होऊन पांगल्या. गाय पाहायला आल्या होत्या, मासोळीवर समाधान मानावं लागलं.

मी वाकून पाहिलं. प्रत्येक रेघेची एक बाजू सावकाश चढणारी होती आणि दुसरी एकदम उतरणारी. वाहत्या पाण्याखाली वाळूला अशा वळ्या पडतात. माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या साकोलीकडच्या दगडात हुबेहूब अशाच वळ्या आहेत. त्या समुद्राच्या, ज्यात काहीच जगत नव्हतं.

पंखा बंद होता. खिडकी बंद होती. पीठ कोरडं होतं.

रीत अशी की ते पीठ त्याच दिवशी गोळा करून नदीत सोडायचं. मी म्हटलं, मी सोडतो. हर्षा तेरावं करून नागपूरला गेली. मी पीठ सोडलं नाही.

३

त्यात गूढ काही नव्हतं. दाराच्या फटीतून येणारा वारा टोपलीच्या विणीतून आत गेला असेल तर अशा वळ्या पडू शकतात, हे मला दाखवून द्यायचं होतं. कुणाला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. हर्षा गेली त्या संध्याकाळी फूटपट्टीने पीठ सपाट केलं, टोपली घातली आणि झोपायला गेलो.

सकाळी वळ्या नव्हत्या. एकच बारीक चर होता. तो भटकत गेला होता, वळत, पुन्हा वळत, पण स्वतःला एकदाही न ओलांडता.

अळी. जुन्या पिठात अळी होतेच. मी स्वतःवर चिडलो, पीठ दोनदा चाळलं, एकही अळी निघाली नाही, तरी अळीच म्हणून सोडून दिलं. नव्याने सपाट केलं.

पुढच्या सकाळी बारीक टोचल्यासारख्या ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या आणि मधून काहीतरी फरपटत गेल्याची रेघ. झुरळ, मी म्हटलं. पण झुरळाचे पाय मला माहीत आहेत. एवढे पाय झुरळाला नसतात. गोम असेल म्हणून मी ती खोली कानाकोपरा काढून झाडली. पलंग ओढला, कपाट ओढलं. सरिताची चप्पल निघाली, एक पिन निघाली. गोम निघाली नाही.

दिवसा मी काम करत होतो. नकाशे पुढे सरकत होते. समुद्रातला चिखल, त्यात सरपटणारे बिनहाडाचे जीव, मग असंख्य पायांचे. टेबलावर वाकलेलो असताना एकदा हात थांबला. मी कालपासून काढत असलेला ठसा आणि मागच्या खोलीतला ठसा एकच होता.

याचाही खुलासा सोपा होता, आणि तो मला आवडला नाही. बायको गेलेला, एकटा, पन्नाशी ओलांडलेला माणूस झोपेत उठतो आणि दिवसा जे काढलं तेच बोटाने पिठात काढतो. आनंदाबाईंच्या मासोळीपेक्षा हे जास्त केविलवाणं होतं. अशा माणसाविषयी मी कुठे वाचलं असतं तर पान उलटलं असतं.

तेव्हा मी टोपली घातली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आनंदाबाईंना नेऊन दिली.

त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. किल्ली कशाची ते कळल्यावर त्यांचे हात थांबले. मी मुद्दाम कोरड्या आवाजात सांगितलं की एक प्रयोग आहे, उद्या सकाळी तुम्हीच येऊन उघडा.

"भाऊजी, ते एकदाच पाहतेत," त्या म्हणाल्या.

मी कारण विचारलं. कारण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्या आईने सांगितलं होतं, तिला तिच्या सासूने. असल्या शास्त्राला हाच आधार असतो.

"जाणाऱ्याले जाऊ द्याव. रोज रोज पीठ कायले मांडता? वाट दाखवून राहिले का तुम्ही कोनाले?"

मी म्हटलं, उद्या लवकर या.

४

त्या उजाडता उजाडता आल्या, अंघोळ करून. कुलूप जसंच्या तसं होतं. त्यांनी उघडलं. टोपली मी उचलली.

बसकी, रुंद, पाच बोटांची पावलं. दोन डावी, दोन उजवी, आणि मधोमध शेपटीचा ओघळ. पाय बाजूला फाकवून, पोट जवळजवळ जमिनीला टेकवत चालणारं काहीतरी. अशा चालीचं जनावर मी आदल्या दिवशी काढलं नव्हतं. मी अजून गोमेपाशीच अडकलो होतो.

पिठाचा टोपलीखालचा तुकडा एवढासा, आणि ठशांच्या आधीही काही नव्हतं, नंतरही काही नव्हतं. फरशी कोरडी, स्वच्छ.

आनंदाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. योनी कोणती ते त्या बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "हे आपल्या घरचं नाही." आणि मग, "पीठ नदीत टाका. आजच."

त्या गेल्यावर मी खुर्ची घेऊन तिथेच बसलो. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, आणि तेच माझं चुकलं असावं. मी मनात ठसे ओळीने मांडले. आधी नुसतं पाणी. मग सरपटणारं. मग पुष्कळ पायांचं. मग जमिनीवर चढलेलं, चार पायांचं. या जिल्ह्याने जे थर कधी साचवले नाहीत ते माझ्या घरात रोज एक असे साचत होते, आणि ते बरोबर क्रमाने साचत होते. डावीकडून उजवीकडे. जे होतं ते कुठे जात नव्हतं. ते येत होतं.

आणि या पट्टीच्या उजव्या टोकाला काय आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? माणूस आहे. आणखी थोड्या सकाळी, आणि पिठावर एक पाऊल उमटेल ज्याची बाहेरची कड दुमडलेली असेल.

हे मी स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं आणि मला स्वतःची किळस आली. ज्या बायकांना मी हसलो त्यांच्या बुद्धीशी मी एका सकाळीत पोचलो होतो. त्यांनी निदान रडून घेतलं होतं. मी पुराव्यानिशी तिथे पोचलो होतो.

संध्याकाळी पीठ सपाट केलं.

५

ठसे मोठे होत गेले. एका सकाळी टोपलीखाली फक्त एक बोट होतं आणि दुसऱ्या बोटाची सुरुवात, टोकाला नखाची खोल खाच. तीन बोटांच्या पावलाचं ते एक बोट. बाकीचं पाऊल टोपलीच्या बाहेर, जिथे पीठ नव्हतं तिथे पडलं असणार. टोपली मात्र जागची हलली नव्हती, तिची एक काडीसुद्धा वाकली नव्हती.

आवाजही होता, पण त्याला आवाज म्हणावं का ते कळत नाही. उजाडण्याच्या सुमारास पुलावरून ट्रकची ये-जा सुरू होते. ती मध्येच थांबल्यासारखी वाटायची. जवळ कुणी येऊन उभं राहिलं की मागचा आवाज अडतो, तसं. मग मागच्या खोलीतून बांबूची एक बारीक करकर. मग ट्रक पुन्हा सुरू. मी पलंगावर पडून हे ऐकायचो आणि उठायची घाई करायचो नाही. दाढी करायचो, चहा करायचो. उतावीळ माणसांचा मला तिटकारा आहे.

हर्षाचा फोन आला. ती रविवारी गाडी घेऊन येणार होती, मला नागपूरला न्यायला. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. घर भाड्याने देऊ, ती म्हणाली. मावशीने तिला काहीतरी सांगितलं होतं हे उघड होतं. मी म्हटलं, रविवारपर्यंत माझं काम संपेल. हे मी नकाशाविषयी बोललो असं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात केशवराव दालनात भेटले. पट्टीचं उजवं टोक पाहून ते नाखूश झाले. शेवटचा माणूस बोटभर उंचीचा होता, आणि त्याच्यापुढे चौकटीपर्यंत मी वीतभर भिंत कोरी सोडली होती.

"इथं मानूस मोठा काढा, सर. एवढे करोडो वर्षं चालत आलं, तं आपल्यापाशी येऊन थांबलं पायजे ना."

मला इतकं हसू आलं की शेजारचा रंगारी वळून पाहू लागला. मी म्हटलं, ते थांबत नसतं, केशवराव. आपल्यापाशी येऊन थांबावं असे आपण कोण? आपण फक्त नकाशा तिथे संपवतो.

"मंग पुढं काय हाय?"

"ते पाहायला आपण नसू."

"तं कोरी जागा नका ठेवू," केशवराव म्हणाले. "लोक म्हनतीन रंग सरला."

पूल ओलांडून घरी येईपर्यंत मी त्यांची नक्कल करत मनात हसत होतो. माझ्याच वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही.

६

उंदरासारखी बारीक पावलं आली. मग मांजराच्या जातीची, मऊ. मग एक हात आला, अंगठा वेगळा असलेला, लांब बोटांचा. झाडावरून नुकतं उतरलेल्या कशाचा तरी. त्या सकाळी मला चहा गेला नाही.

आणि शनिवारी सरिता आली.

एकच पाऊल. उजवं. टाच भिंतीकडे, बोटं दाराकडे, म्हणजे मी उभा होतो तिकडे. टाचेचा खड्डा जरा खोल. ती टाचेवर भार देऊन चालायची. जोडव्याची पुसट खूण. आणि करंगळी, शेजारच्या बोटावर चढलेली.

मी टोपली हातात धरून उभा राहिलो. नंतर ती खाली ठेवली. गुडघ्यावर बसलो आणि पिठाला लागणार नाही असा तळहात पावलावर धरला. ते थंड होतं, पण फरशी थंडच असते. पाय पुस, असं म्हणावंसं वाटलं.

आनंदाबाई केव्हा आल्या ते कळलं नाही. त्या माझ्या पाठीमागून पाहत होत्या. त्यांनी हात जोडले, आणि मग माझ्या खांद्यावर एक हात ठेवला; इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आली. भेटली," त्या म्हणाल्या. "आता सोडा, भाऊजी. मी येतो संगं नदीवर."

मी उद्या म्हणालो. आजच, त्या म्हणाल्या. मी पुन्हा उद्या म्हणालो. मग त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची होती. दगड घेऊन येणाऱ्यांकडे मी तसाच पाहतो. त्या निघून गेल्या.

माझ्याकडे कारण होतं, आणि ते धंद्यातलं होतं. एक पाऊल म्हणजे काहीच नसतं. एकट्या ठशावरून चाल कळत नाही. दुसरं पाऊल लागतं, पुढचं, म्हणजे मग समजतं की जनावर उभं होतं की चालत होतं, आणि कुठे निघालं होतं. सरिताचा ठसा मी तसाच टोपलीखाली झाकला. तिच्या एका ढांगेवर, दाराच्या बाजूला, दुसरं पीठ पसरलं, आणि टोपली एकच असल्यामुळे त्यावर पितळी परात उपडी घातली.

मला फक्त तिचं डावं पाऊल हवं होतं.

७

सकाळी ट्रक नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. बांबू करकरला नाही. परात मात्र एकदा वाजली, नखाने टिचकी मारावी तशी.

मी दाढी केली नाही, चहा केला नाही.

टोपली उचलली. खाली सरिताचं पाऊल नव्हतं. ते पुसलेलं नव्हतं, विस्कटलेलंही नव्हतं; पीठ फूटपट्टी फिरवल्यासारखं सपाट होतं, जणू ती तिथून गेल्याला फार काळ लोटला होता आणि वर नवं काहीतरी साचलं होतं.

परात उचलली.

त्या ठशाचं वर्णन मी करू शकत नाही असं म्हणणं खोटं होईल. आयुष्यभर मी तेच केलं आहे. तो लांब होता. टाच होती, किंवा टाच जिथे असते तिथे काहीतरी टेकलेलं होतं. बोटं मोजायला गेलो तर प्रत्येक वेळी मोजणी मध्येच सुटायची, कारण ती बोटं नव्हती. वजनाचा अंदाज येत नव्हता. पीठ दाबलं गेलं नव्हतं, बाजूला सरलं होतं, आज्ञा केल्यासारखं. लंगडणं नाही, घाई नाही. आणि बाहेरची कड दुमडलेली होती.

तेवढंच तिचं उरलं होतं. करोडो वर्षं जपून ठेवण्यासारखं आमच्यातलं कुणाला एवढंच सापडलं होतं.

टोक दाराकडे होतं. ते थांबलं नव्हतं. का थांबेल? मीच सांगितलं होतं केशवरावांना.

मी परात हातात धरून तिथे किती वेळ होतो कोण जाणे. एक गोष्ट हळूहळू कळत गेली. माझ्याकडे पाहिलं जात होतं. खिडकीतून नाही, दारातून नाही. वरून, जवळून, आणि त्यात राग नव्हता, माया नव्हती, ओळख तर नव्हतीच. मी भिंगाखाली दगडातला किडा धरतो तेव्हा माझ्या नजरेत जे असतं तेच होतं. थोडं कुतूहल. बरीचशी तुच्छता.

८

पीठ मी पुलावरून नदीत सोडलं, दोन्हीकडचं. आनंदाबाईंना बोलावलं नाही. परात आणि टोपलीही सोडून दिली. परातीला बुडायला जरा वेळ लागला. ती पाण्यावर वळत वळत गेली.

परत येऊन टेबलाशी बसलो. दुपारी हर्षा आली. बॅग भरली का विचारलं, मी म्हटलं, बस. ती आत जाऊन पाणी पिऊन आली आणि फरशीकडे पाहून थांबली.

"बाबा, आत्ता अंघोळ केली का?"

मी म्हटलं नाही.

"मग हे ओलं कशाचं?"

न्हाणीघरापासून टेबलापर्यंत फरशीवर पाण्याचे डाग होते. मी आलो तेव्हा नव्हते. हर्षाला ते डागच दिसले. तिने मोरीतलं फडकं आणलं आणि आईसारखी कमरेत वाकून, चिडचिड करत पुसत पुसत आली. मी एकेक डाग ती पुसण्यापूर्वी पाहत होतो. तिचा हात माझ्या खुर्चीपाशी आला. "पाय वर घ्या," ती म्हणाली. मी घेतले. तिने खुर्चीखाली पुसलं, मागे पुसलं. पुढे काही नव्हतं. डाग माझ्या खुर्चीच्या मागे संपत होते.

त्याला पीठ लागत नव्हतं. पीठ फक्त मला लागत होतं, पाहायला.

मग मी तिला सांगितलं की मी नागपूरला येत नाही. तिने कारण विचारलं. कारण एकच होतं: ते माझ्यामागे चालत आलं होतं, मीच त्याला एक ढांग पुढे वाट आखून दिली होती, आणि हर्षाच्या घरीही फरशी आहे. पण हे बोललो असतो तर ती मला एकटं सोडून गेली नसती. म्हणून मी मला सगळ्यात चांगलं जमतं ते केलं. तिच्या फ्लॅटविषयी बोललो, तिच्या नवऱ्याच्या टीव्हीविषयी बोललो, तिथे बसून माणसाने काय करायचं असं विचारलं. एकेक वाक्य मोजून टाकलं. तिचे डोळे भरले, पण आवाज स्थिर राहिला.

"तुम्हाला कुणीच लायकीचं वाटत नाही, बाबा. आईच एक चालवून घेत होती."

मी म्हटलं, उशीर होतोय, पुलावर गर्दी होईल.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. तिथून पुलावर, पुलावरून भंडाऱ्याकडे. मग ट्रकच्या आवाजात मिसळला.

आता घरात ऊन आहे. मी उजव्या टोकाचा नकाशा समोर ओढला आहे. न्हाणीघरातला नळ सुरू झाला, आणि बंद झाला. पुलावरचे ट्रक थांबले आहेत. फरशीवर पाणी टेकल्याचा आवाज येतो, सावकाश, घाई नसलेला, आणि माझ्या मागे येऊन थांबतो. नकाशावर ओल्या केसांतून पडावा तसा एक थेंब पडतो.

कुणी काही विचारत नाही. सवयीने मी बोट उचलतो आणि लाल ठिपक्यावर ठेवतो. आज आपण इथे.

आणखी एक थेंब पडतो. तो ठिपक्यावर नाही, चौकटीच्या अलीकडे सोडलेल्या कोऱ्या जागेत.

मी मान वर करत नाही. दगडातल्या किड्याने कधी केली आहे?